ताटीला कडी नसते: सांगलीतलं एक प्रकरण

२०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. ती आत आली, बस म्हटलं तरी लगेच बसली नाही. पदराखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिनं माझ्या टेबलावर ठेवलं. मी कागद उलगडला तर आत लोखंडी उलथनं. रोजच्या वापरातलं, दांड्याला पीठ सुकलेलं.

"हे तुमच्याकडं ठेवा ताई. घरात ठिवू वाटंना झालंय."

आदल्या रात्री तिनं १३ वर्षांच्या लेकीला त्या उलथन्यानं मारलं होतं. पोरगी दिवेलागणीनंतर बऱ्याच वेळानं घरी आली, कुठं होतीस विचारलं तर तोंड उघडेना, एवढंच निमित्त. दंडावर कड लागून कातडं निघालं. सरकारी दवाखान्यात नेऊन पट्टी करून घेतली, सकाळी पोरीला शाळेत पाठवलं आणि ही माझ्याकडं आली. रडत नव्हती. उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता, जणू तो सोडला तर काहीतरी करून बसेल.

"मी न्हाई मारलं," ती म्हणाली. "बाच्या हातानं मारलं."

मी सांगली-मिरज भागात बायकांच्या कौटुंबिक प्रश्नांवर समुपदेशनाचं काम करते, अठरा वर्षं झाली. हे प्रकरण लिहायला तिची परवानगी आहे. मजकूर तिला वाचून दाखवलाय, गाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात. मुलीची ओळख उघड करायला कायद्यानंच मनाई आहे आणि ती मनाई योग्य आहे. वस्तीत या बाईला सगळे अक्का म्हणतात, मीही तेच लिहिते.

अक्का सांगलीत धंदा करते. 'वेश्याव्यवसाय' हा माझ्या फॉर्मवरचा शब्द, तिच्या तोंडात तो येत नाही. हे सांगायचं कारण असं की सांगलीत या बायकांना आपल्या कामाविषयी स्वतः बोलायची सवय आहे. १९९२ मध्ये इथं या बायकांमध्ये 'संग्राम' संस्थेचं काम सुरू झालं आणि १९९६ मध्ये धंदा करणाऱ्या बायकांचीच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. आम्हाला बिचाऱ्या म्हणू नका, आमचं ऐका, हे त्यांचं म्हणणं या शहरात जुनं आहे. अक्का कुठल्या संघटनेची कार्यकर्ती नाही, पण ते वारं तिलाही लागलेलं आहे. तिसऱ्या भेटीत तिनं मला बजावलं, "माझी कहाणी सांगा, पर शेवटाला मला धंद्यातनं भाइर काढू नका. मी हाय तितंच हाय."

पहिल्या भेटीत माझी चूक झाली, ती आधीच सांगते. मी वहीत लिहिलं: मुलीला मारहाण, आईचा राग अनावर, पालकत्वाबद्दल समुपदेशन. पुढच्या गुरुवारची वेळ दिली. मुलगी उशिरापर्यंत बाहेर का होती, हे आईनं विचारलं होतं आणि उत्तर मिळालं नव्हतं. मी तर विचारलंसुद्धा नाही. मुलीशी स्वतंत्र बोलायचं मला तीन आठवडे सुचलं नाही.

जत तालुक्याचा पूर्व भाग

अक्काचा जन्म १९८६ च्या आसपासचा. दाखल्यावरची तारीख गुरुजींनी अंदाजे घातलेली. गाव जत तालुक्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात मराठी आणि कानडी दोन्ही. म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी तेव्हा तिकडं पोचलेलं नव्हतं. दोन एकर कोरडवाहू, त्यात पाऊस पडला तर बाजरी. दसऱ्याच्या सुमाराला मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटून जायचा, दिवाळीच्या पुढंमागं गाडी भरायची आणि आईबाप ऊसतोडीला जायचे ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्येच परत.

बाप दारू प्यायला की बैलाच्या कासऱ्यानं मारायचा. आधी आईला, मग जे पोर हाताला लागेल त्याला. चार भावंडांत ती थोरली, त्यामुळं ती बहुतेक वेळा हाताला लागायची. आज्जीनं तिला कानडीत आकडे शिकवले होते. बापानं कासरा उचलला की ती मनात मोजायला लागायची: ओंदु, येरडु, मूरु. "वीसपत्तर यायच्या आत बा दमायचा. मोजत बसलं की लागत न्हाई, ताई. म्हंजे लागतंय, पर दुसऱ्या कुणाला तरी लागल्यासारकं."

हे मोजणं ध्यानात ठेवा. पुढं त्याचं काम आहे.

चौथीत असताना गुरुजींनी तिच्या दंडावरचे वळ पाहिले. "पडलीस काय?" "व्हय." गुरुजी पुन्हा फळ्याकडं वळले. तिला अजून वाटतं की त्यांना कळलं होतं, कारण त्या दिवशी त्यांनी तिला पाढे म्हणायला उभं केलं नाही.

नऊ वर्षांची झाल्यावर आईबाप तिला मागं आज्जीपाशी ठेवून जायला लागले. शाळा बुडू नये म्हणून. त्याच घरात चुलता राहायचा. पुढचं ती तीन वाक्यांत सांगते आणि मीही त्याहून जास्त लिहिणार नाही. दोन हंगाम हे चाललं. रात्र झाली की ती घरात थांबायची नाही, मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर जाऊन झोपायची. चुलता तिला शोधून घरी आणायचा आणि 'पोरगी रात्रीची उंडगती' म्हणून सगळ्यांदेखत मारायचा. आज्जीही मारायची.

आज्जीला तिनं सांगितलं. आज्जी म्हणाली, गप, भाइर बोलू नगंस. पट्टा पडून आई घरी आल्यावर आईला सांगितलं. आई रात्रभर रडली. पण जमिनीचा वाटा झालेला नव्हता, चुलता घरात वरचढ, आणि नवऱ्याला कळलं तर एक तर खून होईल नाही तर पोरीलाच मारील, हे आईला ठाऊक होतं. तिच्या हातात होतं तेवढं तिनं केलं: पुढच्या हंगामाला मुलीला बरोबर नेलं. शाळेनं 'सतत गैरहजर' म्हणून नाव कमी केलं.

फडावरच्या कोपीला, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीला, दार नसतं, ताटी असते. ताटीला कडी नसते. ती बाराची होती, वयात येत होती. आई तिला आपल्या आणि भिंतीच्या मधे झोपवायची, कमरेला कमर बांधल्यासारखी. पहाटे चारला आईबाप फडात गेले की ती लहान भावंडांसह एकटी. "आय जाताना ताटीला पाण्याची घागर टेकवून जायची. कुणी सारली तर आवाज व्हावा म्हणून."

चौदाव्या वर्षी, २००० साली, लग्न. ऊसतोडीच्या टोळ्यांमध्ये मुलींची लग्नं लवकर का होतात, हे टोळीतल्या कुठल्याही आईला विचारा. वयात आलेली पोर कोपीत कुठं ठेवायची? शिवाय नवराबायको मिळून एक कोयता होतो, कोयत्यावर उचल मिळते, लग्नाचा खर्च त्यातनं भागतो. मुलीसाठी लग्नाचं वय १८ तेव्हाही होतं, १९२९ च्या कायद्यात १९७८ मध्ये तशी दुरुस्ती झालेली होती. पत्नी १५ वर्षांखालची असेल तर नवऱ्याची जबरदस्ती त्या वेळच्या दंडसंहितेतही बलात्कारच होती. ही मर्यादा १८ वर आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानं. कायदा होता. त्या मांडवात तो कुणी आणला नाही.

नवरा मारायचा. उपकेंद्रातल्या सिस्टरला तिनं पाठ दाखवली. सिस्टरनं मलम दिलं आणि 'नवऱ्याशी नीट वाग' असं सांगितलं. नणंदेला सांगितलं. नणंद म्हणाली, मलाबी मारत्यात. दोनदा ती माहेरी पळून गेली, दोन्ही वेळा बापानं परत नेऊन घातलं. दुसऱ्या वेळी वाटेत गावच्या पोलीस पाटलापुढं तिला उभं केलं. 'मला तिकडं जायाचं न्हाई' असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. पाटलांनी जावयाला बोलावून घेतलं, दोघांना चहा पाजला आणि रवाना केलं.

गुरुजी, आज्जी, आई, सिस्टर, नणंद, पोलीस पाटील. सहा माणसं झाली. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये बालकांवरच्या अत्याचारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलले होते. ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. अत्याचार करणाऱ्यांत निम्मे ओळखीतले किंवा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. मुलांनी बोलायला शिकलं पाहिजे, असं आपण शाळाशाळांतून सांगतो, मीही सांगते. अक्का बोलली होती. तिच्या गोष्टीत बोलणारी पोर होती, ऐकणारं माणूस नव्हतं.

बेदाण्याचं शेड ते वस्ती

तिसऱ्यांदा ती माहेरी गेलीच नाही. २००५ च्या सुरुवातीला, बेदाण्याच्या हंगामात, गावातल्या दोघीतिघींबरोबर तासगावच्या बाजूला एका शेडवर कामाला आली. द्राक्षं जाळीवर पसरायची, वाळली की झाडून काढायची, प्रतवारी करायची. काम तिला आवडलं. बेदाण्याबद्दल बोलताना तिचा चेहरा वेगळाच होतो. पिवळा, हिरवा, काळा माल नुसता बोटानं ओळखते. पण मजुरी बाईची, राहणं शेडवरच, आणि हिशेबाच्या दिवशी मुकादमाची अट वेगळी. "पैशे द्यायच्या टायमाला हात धरायचा. म्हंजे काम बी करायचं आन् ते बी फुकाट."

हंगाम संपला. जुलैच्या अखेरीस कृष्णेला मोठा पूर आला, सांगलीत पाणी शिरलं, हाताला काम उरलं नाही. शेडवरची एक बाई पूर्वी वस्तीत राहिलेली होती. ती म्हणाली, तिकडं रातचं पैशे रातच्याला मिळत्यात. पूर ओसरल्यावर अक्का तिच्याबरोबर गेली. वय १९. तिला कुणी विकलं नाही, फसवूनही नेलं नाही. शेजारच्या खोलीतली बाई लहानपणी देवाला सोडलेली, तिची वाट निराळी. पलीकडची नवऱ्यानं आणून टाकलेली, तिची आणखी निराळी. एका गल्लीत तीन दारं असली तर तीन गोष्टी असतात. बाहेरून बघणारा तिन्हींना एकच नाव देतो.

कोठा चालवणाऱ्या घरवालीनं तिला आल्याआल्या विचारलं, "तुला कुणी आणलंय काय? मागं कोण हाय?" अक्का म्हणते, माझ्या मागं कोण आहे हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. ही गोष्ट मी भाबडेपणानं सांगत नाही. तीच घरवाली निम्मे पैसे ठेवून घ्यायची आणि आजारपणात दिलेल्या उसन्यावर व्याज लावायची. पण तो प्रश्न तिनं विचारला होता, हेही खरंच.

स्वतःची खोली मिळाल्यावर अक्कानं पहिली वस्तू घेतली ती कडी. बाजारातून पितळी कडी आणली, सुताराला बोलावून आतल्या बाजूनं बसवून घेतली. त्या रात्री, तिच्या शब्दांत, "मी दिवस वर येस्तोवर निजली."

इथं थांबून मला थोडं बोलायचं आहे. व्याख्यानाला गेलं की हमखास प्रश्न येतो: लहानपणी अत्याचार झाला म्हणून ती या मार्गाला लागली का? हो म्हटलं की श्रोत्यांना बरं वाटतं. पण ते उत्तर पुरं नाही. अमेरिकेत कॅथी स्पॅट्झ विडम या संशोधिकेनं एक मोठा अभ्यास केला. १९६७ ते १९७१ या काळात न्यायालयात नोंद झालेली, मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा हेळसांड सोसलेली ९०८ मुलं एका बाजूला आणि तशी नोंद नसलेली ६६७ मुलं दुसऱ्या बाजूला, असे गट धरून ती मोठी झाल्यावर त्यांचं काय झालं ते पाहिलं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, अशा मुलींच्या बाबतीत पुढं वेश्याव्यवसायात येण्याची शक्यता स्पष्टपणे जास्त दिसली. मात्र त्यातला बारकावा फार थोडे लोक सांगतात. लैंगिक अत्याचाराचा संबंध ठळक होता, आणि जवळजवळ तेवढाच ठळक होता हेळसांडीचा. नुसत्या मारहाणीचा संबंध त्या मानानं पुसट निघाला. आणि यातल्या बहुतेक मुली या व्यवसायात आल्या नाहीत, हेही विसरायचं नाही.

परदेशातले आकडे जतच्या पोरीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी हेळसांड हा शब्द मी तो अभ्यास वाचल्यापासून सोडलेला नाही. अक्काच्या बाबतीत मुख्य मारणारे हात तीन: बाप, चुलता, नवरा. बघून गप्प बसलेली माणसं सहा. त्यातल्या एकानं जरी वेळेला पाऊल उचललं असतं तर पुढचा रस्ता वेगळा झाला असता. गुरुजींनी घरी चक्कर टाकली असती, सिस्टरनं पाठीवरच्या वळांची नोंद केली असती, पाटलांनी चहाऐवजी पोलीस ठाणं गाठलं असतं. प्रत्येक दार बंद होत गेलं तशी ती पुढं सरकत गेली आणि शेवटी जिथं रातचे पैसे रातच्याला मिळतात तिथं पोचली. तेही दार गरिबीनं उघडलं. एका देशव्यापी पाहणीत १४ राज्यांतल्या धंदा करणाऱ्या सुमारे ३,००० बायकांशी बोलणं झालं होतं. त्यातल्या कित्येकींनी आधी शेतमजुरी, घरकाम, बांधकाम अशी कामं केलेली होती. अक्कासारखंच. लहानपणची हिंसा एवढीच गोष्ट धरली तर मजुरीची, उचलीची, बेदाण्याच्या शेडवरच्या त्या हिशेबाची गोष्ट नजरेआड होते.

मग त्या हिंसेनं नेमकं केलं काय? दोन गोष्टी केल्या, असं माझं मत झालं आहे. पहिली म्हणजे ते मोजणं. मन अंगापासून सुटं करायची विद्या तिला आठव्या वर्षीच अवगत झाली होती. धंद्यात तीच कामाला आली. "गिऱ्हाईक नको असलं तरी मोजायला लागलं की सरतंय." याच विद्येमुळं ती टिकली. पण सुट्या झालेल्या मनाला धोकाही कळत नाही, स्वतःचाही आणि शेजारी झोपलेल्याचाही. दुसरी गोष्ट तिच्या मालकाबद्दलची. वस्तीत बाईच्या कायमच्या माणसाला मालक म्हणतात. अक्काचा मालक सहा वर्षांपासूनचा. रिक्षा चालवतो, पिऊन आला की हात टाकतो, तिच्या कमाईतले पैसे नेतो. नकोशा गिऱ्हाइकाला ती दारातून घालवून देऊ शकते, शिव्या घालू शकते. मालकाला नाही. का, असं विचारल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मारतंय ते माणूस घरचं वाटतंय."

चौथी भेट

ही भेट मार्चच्या मध्यावर झाली. देवळाच्या ओट्याचा सगळा तपशील तिनं या भेटीत पहिल्यांदा सांगितला. चुलता यायच्या आत ती कशी निसटायची, थंडीत पोतं कसं पांघरायची, आणि घरी आणून 'उंडगती' म्हणून कसा मार बसायचा. सांगता सांगता ती वाक्याच्या मधेच थांबली. मी पाणी पुढं केलं. तिनं घेतलं नाही. माझ्याकडं बघतही नव्हती, टेबलाच्या ज्या कोपऱ्यावर पहिल्या दिवशी उलथनं ठेवलं होतं तिथं बघत होती.

"ताई. माझी पोरगी रातचं भाइर पायरीवर का बसती?"

मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. तीन आठवडे मी तिच्या रागावर काम करत होते.

मुलीशी मी दुसऱ्याच दिवशी बोलले, शाळा सुटल्यावर, आई बाहेरच्या बाकावर असताना. घाई केली नाही. तिनं आधी शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सांगितलं, मग मैत्रिणीचं, मग दाराचं. आई बाहेरच्या खोलीत असली की मालक आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहतो. बघत राहतो. पाय चेपून दे म्हणतो. दोनदा ती उठून बाहेर गेली तर मागं मागं आला. अंगाला हात लावलेला नव्हता. "म्हणून मी आत थांबत नाही. आईला सांगितलं असतं तर आईलाच मारलं असतं त्यानं."

लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. वाईट हेतूनं मुलाकडं वारंवार बघत राहणं, पाठलाग करणं हाही गुन्हा आहे. आणि गुन्हा होण्याची धास्ती वाटत असेल तरी ती कळवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे, माझं तर आहेच. पण वस्तीत पोलीस येणं म्हणजे काय, हे अक्काला माहीत होतं. एकाला धरायला आले आणि दहा बायकांना गाडीत घातलं, असं तिनं पाहिलेलं होतं. ती म्हणाली, मी त्याला हाकलते, पोलीस नको. मी तिला सरळ सांगितलं: मला कळवावंच लागेल, पण तुम्हाला अंधारात ठेवून कळवणार नाही, तुमच्याबरोबर जाऊन कळवेन. ती रात्रभर विचार करते म्हणाली आणि सकाळी साडेनऊला माझ्या दारात उभी होती.

ठाण्यातला पहिला तास वाईट गेला. 'या बायकांच्या घरात दुसरं काय होणार' अशा अर्थाचं एक वाक्य आम्ही दोघींनी ऐकलं. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये याच व्यवसायातल्या बायकांबद्दल दिलेल्या आदेशाची प्रत माझ्या पिशवीत होती. माणूस म्हणून प्रतिष्ठा या बायकांना आणि त्यांच्या मुलांनाही आहे, पोलिसांनी त्यांच्याशी सन्मानानं वागावं, असं त्यात म्हटलेलं आहे. मी ती काढून टेबलावर ठेवली. त्यानंतर आलेल्या महिला अधिकारी मात्र चांगल्या होत्या. मुलीचा जबाब तिच्या सोयीच्या ठिकाणी, गणवेश न घालता घ्यायचा, हे त्यांना सांगावं लागलं नाही. माझ्या केंद्रात, पंजाबी ड्रेसमध्ये येऊन, चटईवर बसून त्यांनी जबाब घेतला. मुलीला बालकल्याण समितीपुढं नेलं. समितीनं तिला आईपासून तोडलं नाही.

मालक जामिनावर सुटल्यावर दोनदा वस्तीत आला. दुसऱ्या वेळी अक्काच्या पायरीवर आजूबाजूच्या नऊ बायका येऊन बसल्या. कुणी बोललं नाही, कुणी शिवीसुद्धा दिली नाही. भाजी निवडत बसल्या होत्या. तो कोपऱ्यावरूनच परत फिरला. खटला अजून चालू आहे.

मुलीचं काय करायचं यावर आमचं एकमत पटकन झालं नाही. सुरक्षित म्हणून तिला तडक एखाद्या मुलींच्या वसतिगृहात घालावं, हे माझ्या मनात आलेलं पहिलं उत्तर. मुलीनंच मला अडवलं. "मी काय चुकले म्हणून मला पाठवताय?" तिच्या आईलाही असंच, तिच्या भल्यासाठी म्हणून, मागं ठेवलं होतं. मग आम्ही मार्च ते जून वेळ घेतला. दरम्यान मुलगी संध्याकाळी माझ्या एका सहकारी ताईंच्या घरी अभ्यासाला जायची आणि आई रात्री आठला आणायला यायची, धंद्याची वेळ मोडून. मे महिन्यात दोघी वसतिगृह बघून आल्या. मुलीनं तिथलं न्हाणीघर बघितलं, आतून कडी आहे का ते लावून पाहिलं. जूनमध्ये ती आठवीला तिथं गेली. दर महिन्याला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी अक्का एसटीनं जाते. एकदाही चुकवलेला नाही. बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला आम्हाला कागदपत्रांपायी चार महिने लागले. बापाच्या रकान्यात काय लिहायचं यावर दोन कार्यालयांत दोन वेगवेगळी उत्तरं मिळाली.

अक्काबरोबर माझं काम अजून चालू आहे. 'भूतकाळ विसर' असं मी तिला कधी म्हटलेलं नाही. आम्ही फक्त मोजण्यावर काम करतो. हात उचलावासा वाटला की ती आता मोठ्यानं मोजते, कानडीतच, आणि पाचाच्या पुढं जायच्या आत खोलीतून बाहेर पडते. लहानपणी ती मनात मोजायची ते निघून जाण्यासाठी. आता तोंडानं मोजते ते इथं राहण्यासाठी. नेहमी जमत नाही. गणपतीच्या सुट्टीत लेक आली तेव्हा तिनं एक थप्पड मारलीच. संध्याकाळी फोन करून मला स्वतः सांगितलं. मी काही मोठं बोलले नाही, पोरीला विचारलंस का काय झालं होतं, एवढंच विचारलं. "व्हय. आधी विचारलं न्हाई, पर मागनं विचारलं."

धंदा चालू आहे. सोडायचा विषय तिनं काढला तर मी बोलेन. अजून काढलेला नाही. बेदाण्याच्या हंगामात एका ओळखीच्या शेडवर, जिथं हिशेब बाई करते, तिथं ती दोन महिने जाऊन आली. मजुरी वाढवून मिळाली तर पुन्हा जाईन म्हणते. चुलता वारला. आई गावात आहे, गुडघ्यांनी अधू. अक्का तिला दरमहा पैसे पाठवते. आईनं घागर टेकवली होती, हे ती अजून धरून आहे. गुरुजींबद्दल मात्र ती बोलत नाही.

उलथनं माझ्या कपाटात आहे. दोनदा मी परत देऊ केलं, तिनं घेतलं नाही. दिवाळीला वसतिगृहातून लेक घरी यायच्या आधी तिनं आतल्या खोलीच्या दाराला नवी कडी बसवून घेतली, पोरीचा हात पोचेल अशी, खालच्या उंचीला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दोघी फराळाचा डबा घेऊन माझ्याकडं आल्या होत्या. बोलता बोलता मुलीनं आईला विचारलं, तू बाहेर असशील तेव्हा मी आतून कडी लावू का?

"लाव," अक्का म्हणाली. "मी हाक मारली तरी लगीच उघडू नगंस. आदी इचार, कोन हाय म्हनून."